१९२ कोअर आणि गेलेला एक फेज

सर्व्हरच्या प्रोसेसरची तुलना म्हटली की आकड्यांचं कोष्टक पुढे येतं आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्या गळ्यात माळ पडते. ही कोष्टकं मी मनापासून वाचतो. पण ती मांडलेली असतात थंड, कोरड्या, अखंड वीज असलेल्या खोलीसाठी. शहापूर-मुरबाडकडच्या गावात तोच हिशेब लावला तर काय उरतं, हे पाहण्यासाठी हा संवाद. बोलणारा एक जण ऐरोलीच्या डेटा सेंटरच्या कामात मुरलेला आहे. दुसरा वयाने धाकटा, किन्हवली आणि सरळगावच्या बाजूला संगणक आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणारा. तुलना एएमडीच्या एपिकची आणि इंटेलच्या झिऑनची.

उत्साही : अरे, २०१७ च्या आधी सर्व्हर घ्यायचा म्हणजे झिऑनच घ्यायचा, एवढाच विषय होता. कोटेशनमध्ये दुसरं नाव कोणी लिहीत नसे. मग एएमडीने एपिक आणला, पहिल्याच पिढीत ३२ कोअर. २०१९ ला ६४, २०२२ ला ९६, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या पिढीत एका सॉकेटवर १९२. सात वर्षांत सहापट! इंटेललाही मग हातपाय हलवावे लागले. २०२४ मध्येच झिऑन ६ दोन रूपांत आला, जूनमध्ये १४४ छोट्या कोअरचा आणि सप्टेंबरात १२८ मोठ्या कोअरचा. या चढाओढीचा आपल्याशी काय संबंध, असं विचारशील तर पुण्याकडे बघ. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्यूष' हा महासंगणक बसला तो झिऑनवर. २०२४ च्या सप्टेंबरात त्याच संस्थेत 'अर्का' आला, ११.७७ पेटाफ्लॉपचा, आणि तो एपिकवर. प्रत्यूषला अंदाजाचं गणित पुरं करायला दहा तासांपर्यंत लागायचे, अर्का ते चार तासांत उरकतो. २६ मे २०२५ ला 'भारत फोरकास्ट सिस्टीम' जाहीर झाली आणि अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ वर आली. १२ किलोमीटरच्या चौकटीत माहुलीचा डोंगर आणि भातसेचं खोरं एकाच सरासरीत जाऊ शकतं. सहाच्या चौकटीत ते वेगळे दिसायला लागतात. भात कापून खळ्यावर आणायचं की दोन दिवस थांबायचं, हे ठरवणाऱ्या माणसाच्या कामाचा प्रोसेसर आहे हा. मला विचारशील तर निकाल लागलेला आहे.

साशंक : दादा, अंदाज सुधारला हे मला मान्य आहे, आणि त्याचा आनंदही आहे. पण श्रेय तुम्ही कोणाला देताय ते तपासू. प्रत्यूषमधला झिऑन १८ कोअरचा. त्याला मेमरीचे चार चॅनेल, मिळून सेकंदाला ७६.८ जीबी. अर्कामधला एपिक ४८ कोअरचा. त्याला आठ चॅनेल, मिळून २०४.८ जीबी. आता भागाकार करा. ७६.८ ला १८ ने भागा, २०४.८ ला ४८ ने भागा. दोन्हीकडे एका कोअरच्या वाट्याला ४.२७ जीबी येतात. दशांशापर्यंत तेच! हवामानाच्या गणितात प्रत्येक चौकटीचं तापमान, दाब, ओलावा, वारा मेमरीतून उचलायचा, त्यावर थोडीशी आकडेमोड करायची आणि परत ठेवायचा, असं अब्जावधी वेळा चालतं. कोअर बहुतेक वेळ माल येण्याची वाट बघत असतो. भाताच्या गिरणीत हलर वाढवले आणि पोती आत घ्यायचं दार तेवढंच ठेवलं तर तांदूळ जास्त निघत नाही. इथे दार रुंद केलं, पण हलर वाढले त्याच प्रमाणात. म्हणजे दर कोअरमागे सहा वर्षांत मेमरीच्या बाजूने काहीच हललं नाही. शिवाय चौकट निम्मी केली की चौकटी होतात चौपट आणि वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात, म्हणजे काम जवळजवळ आठपट. ते पेललं गेलं यात यंत्राचा वाटा आहे, तसा जाळीची नवी रचना बसवणाऱ्या पुण्यातल्या माणसांचाही आहे. कोष्टकात त्या माणसांचा रकाना नसतो.

उत्साही : भागाकार बरोबर आहे, आणि तो तू केलास म्हणून मला बरं वाटलं. पण अर्धाच केलास. प्रत्यूषच्या झिऑनला पोटातली कॅशे ४५ एमबी होती, म्हणजे कोअरमागे अडीच. अर्काच्या एपिकला २५६ एमबी, म्हणजे कोअरमागे सव्वापाच. माल दारातून आणण्याची वेळच कमी आली. दुसरं असं की सॉकेटमागे मेमरीचा वेग पावणेतीनपट झाला, म्हणजे तेवढंच काम कमी सॉकेटांत, कमी केबलींत, कमी बिघाडांत. रात्री दोन वाजता रॅकमध्ये हात घालणाऱ्याला हा फरक कळतो. पण तुझा मुद्दा मी पुढे नेतो, कारण आजच्या जोडीत तो उलटा फिरतो. झिऑन ६ च्या १२८ कोअरवाल्याला नव्या जातीची मेमरी लावता येते, बारा चॅनेल, मिळून सेकंदाला ८४५ जीबीच्या घरात. कोअरमागे साडेसहा. १९२ कोअरच्या एपिकलाही बारा चॅनेल आहेत, पण साध्या मेमरीचे, सगळे मिळून सहाशेच्या आसपास, म्हणजे कोअरमागे तीन. हवामानाचं गणित असेल तर मी आज झिऑनकडे झुकेन. हजारो लहान लहान व्हर्च्युअल मशीन चालवायच्या असतील, वेबसाइट, बँकेचे व्यवहार, ॲपचे मागचे सर्व्हर, तर १९२ वाला एपिक. आणि डेटाबेसचा परवाना कोअर मोजून भरायचा असेल तर दोन्हीकडचे कमी कोअरचे, जास्त वेगाचे नग. पुण्यातच सी-डॅकने आखलेला 'औम' हा प्रोसेसर तर ९६ कोअरच्या पोटातच अतिवेगवान मेमरी बसवायचा बेत करून आहे. १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा करणाऱ्या संस्थेने हे हाती घ्यावं याचा मला अभिमान आहे. पण तो बाजारात मिळेल तेव्हा बोलू.

साशंक : म्हणजे निकाल लागलेला नाही.

उत्साही : कामागणिक लागतो. पण एका गोष्टीत दोघंही जिंकलेत, ती म्हणजे वीज. प्रत्यूषमधला झिऑन १२० वॅटचा, १८ कोअर, कोअरमागे पावणेसात वॅट. अर्काचा एपिक २२५ वॅटचा, कोअरमागे पावणेपाचच्या आत. १९२ वाला ५०० वॅट घेतो, कोअरमागे २.६. इंटेलचा १४४ छोट्या कोअरचा ३३० वॅटचा, कोअरमागे २.३. आणि हे कोअर जुन्याच्या तोडीचे किंवा सरसच आहेत. ऐरोलीत जुने सात-आठ सर्व्हर उतरवून त्या जागी एक नवा लावता येतो. तू पर्यावरणाचं बोलतोस ना नेहमी? मग हे पर्यावरणाचंच आहे.

साशंक : तुमचेच आकडे उलट्या बाजूने वाचतो. कोअरमागे पावणेसातचे अडीच झाले. सॉकेटमागे १२० चे ५०० झाले. जुने आठ उतरवून एक लावला आणि सात जागा मोकळ्या ठेवल्या, असं कधी झालंय का? मोकळ्या जागेत आणखी सात नवे येतात, कारण जागेचं भाडं चालू असतं आणि मागणीही असते. मग त्याच खोलीतली उष्णता काही पटींनी वाढते आणि ती बाहेर काढायला पाणी लागतं. ते पाणी कुठून येतं? ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना एमआयडीसी बारवी धरणाचं पाणी देते, आणि तुमची डेटा सेंटरं त्याच पट्ट्यात उभी आहेत. बारवीची उंची वाढवली तेव्हा बुडालेली घरं आणि शेतं आमच्या मुरबाड तालुक्यातली. इकडे शहापुरात भातसा, तानसा, वैतरणा. मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा, आणि एप्रिल-मेमध्ये शहापूरच्या पाड्यांवर टँकर. कोअरमागे वॅट हा रकाना तुम्ही मांडता. लिटरचा रकाना कोष्टकात कधी येणार? दोन प्रोसेसरांपैकी कमी पाणी कोणाला लागतं, असं विचारणारा गिऱ्हाईक तुम्हाला भेटलाय का?

उत्साही : नाही भेटला. पण पाण्याचं खापर प्रोसेसरवर फोडू नकोस. कुलिंगच्या रचना वेगवेगळ्या असतात. पाण्याचं बाष्प करून थंड करणारी पद्धत पाणी खाते आणि वीज वाचवते. बंद नळ्यांतून तेच पाणी फिरवणारी पद्धत पाणी फारसं खात नाही, पण वीज जास्त घेते. आणि ती वीज औष्णिक केंद्रातून आली तर पाणी तिकडे खर्च होतं. प्रोसेसर बनवणाऱ्याच्या हातात एवढंच आहे की एका कामाला उष्णता कमी निघावी. ते त्याने केलं. पुढचं काम महानगरपालिकेचं, एमआयडीसीचं, सरकारचं.

(इथे मला राहवत नाही. उष्णता कमी निघावी एवढंच प्रोसेसरवाल्याच्या हातात आहे, हे खरं. पण ५०० वॅटचा सॉकेट बनवताना तो पंख्याच्या हवेने थंड होईल की नळीतून पाणी फिरवावं लागेल, हे त्याला आखणीच्या टेबलावरच ठाऊक असतं. धाकट्याचा रकाना मागण्याचा हक्क मला रास्त वाटतो.)

उत्साही : आणि तुला एवढं खुपत असेल, तर त्यावर तोडगा आहेच की. सगळं ऐरोलीला कशाला न्यायचं? काही गणित इथेच करू. एजचा सर्व्हर, म्हणजे वापराच्या ठिकाणाजवळ ठेवलेला. दोन्ही कंपन्यांनी त्यासाठी वेगळे नग काढलेत. एएमडीचा एपिक ८००४, २०२३ च्या सप्टेंबरातला. ८ पासून ६४ कोअरपर्यंत, एकच सॉकेट, सहा मेमरी चॅनेल, आणि सगळ्यात लहान नग हळू चालवला तर ७० वॅटपर्यंत खाली येणारा. इंटेलचा झिऑन ६ चा एसओसी, २०२५ च्या फेब्रुवारीतला. त्यात नेटवर्क कार्ड प्रोसेसरच्या पोटातच, व्हिडिओ उलगडण्याचं यंत्र पोटात, ५जीच्या टॉवरचं गणित करणारा भागही पोटात. किन्हवलीसारख्या बाजारपेठेच्या गावात असा एक डबा बसला तर आसपासच्या पाड्यांचं काम इथल्या इथे होईल.

साशंक : कोणतं काम? आधी ते सांगा. एजच्या जाहिरातीत पहिलं कारण दिलेलं असतं वेळ. माहिती लांब जाऊन यायला उशीर होतो म्हणे. दादा, किन्हवली ते ऐरोली सरळ रेषेत साठ किलोमीटरच्या आत. फायबर वळसे घेत शंभर किलोमीटर धावली तरी प्रकाश जाऊन-येऊन एक मिलिसेकंद घेतो. हे कारण इथे लागूच होत नाही. रेशनच्या दुकानात ई-पॉसवर अंगठा लावून म्हातारी ताटकळते, ती अंतरामुळे ताटकळत नाही. आधारची पडताळणी बेंगळुरू किंवा मानेसरच्या डेटा सेंटरात होते. मानेसरलासुद्धा जाऊन-येऊन प्रकाशाला वीसेक मिलिसेकंद पुरतात. ती ताटकळते कारण टॉवरला रेंज नाही, किंवा लाईट गेल्यावर टॉवरची बॅटरी बसली, किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली, किंवा मधला सर्व्हर गर्दीने बसला. यातलं काय तुमचा ६४ कोअरचा डबा दुरुस्त करणार?

उत्साही : तुझ्या तोंडूनच खरं कारण आलं. एजचं किन्हवलीतलं कारण अंतर नाही, तुटणं आहे. तार तुटली तरी गावातलं काम चालू राहावं. वीज पडण्याचं उदाहरण घे. पुण्याच्या त्याच संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. विजा टिपणारे सेन्सर देशभर बसवलेत, त्यांचे आकडे मध्यवर्ती ठिकाणी जुळतात आणि इशारा फोनवर येतो. ऑक्टोबरात भात कापणीला माणसं उघड्या शेतात असतात आणि परतीच्या पावसाची वीज कडाडते. त्याच वेळी टॉवर बंद पडला असेल तर पुण्यातल्या सगळ्या गणिताचा उपयोग त्या शेतापर्यंत पोचत नाही. जवळच एक सेन्सर, एक छोटा सर्व्हर आणि भोंगा असेल तर कोणाची वाट न बघता भोंगा वाजेल. आरोग्य केंद्रातला एक्स-रे बघून क्षयाची शंका सांगणारी एआय इथेच चालेल. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, ५ जून २०२५ ला खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो आणि कसाऱ्याच्या घाटात जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. त्या बोगद्यात गाडीने पेट घेतला तर कॅमेऱ्याचं चित्र लांबच्या डेटा सेंटरला पाठवून उत्तराची वाट बघायची का? तिथे झिऑनचा तो एसओसी शोभेल, पोटातलं व्हिडिओचं यंत्र त्यासाठीच आहे.

साशंक : बोगदा सोडा. तिथे जनरेटर आहे, नियंत्रण कक्ष आहे, पगारी माणसं आहेत. ते लहान डेटा सेंटरच झालं. मी किन्हवलीचं बोलतोय. तुम्ही मांडलेली तीन कामं बघू. भोंग्याला किती गणित लागतं? दहा-पंधरा वॅटचा मिनी पीसी पुरतो. एक्स-रे? क्षयाच्या शोधमोहिमेत हातात धरायचं एक्स-रे यंत्र पाड्यावर नेतात, आणि चित्र वाचणारी एआय लॅपटॉपवरसुद्धा चालू शकते. मग सर्व्हरचा प्रोसेसर हवाच कशाला? आता विजेचं सांगतो, हे माझं रोजचं काम आहे. पावसाळ्यात डीपीवर एक फेज गेला की अर्ध्या गावात अंधार. न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी चारशेच्या घरात व्होल्टेज येतो. मी उघडलेल्या किती सप्लायांच्या पोटात फुगलेला कपॅसिटर आणि भाजलेली पाल एकत्र सापडलीय. आता इन्व्हर्टर धरा. १५० एएचची नवी बॅटरी कागदावर १.८ युनिटची. तोटा धरून, आणि बॅटरी पूर्ण रिकामी करायची नाही म्हणून, हाती येतं सव्वा युनिट. १०० वॅटचा डबा त्यावर बारा तास निघतो, २५० वॅटचा पाच. सर्व्हर नुसता बसला तरी बॅटरी खातच असतो. एपिकच्या मधोमध सगळ्या कोअरना जोडणारा एक मोठा तुकडा असतो, तो कोअर झोपले तरी जागा असतो. मेमरी, पंखे, नेटवर्क तर आहेच. नुसते १०० वॅट सतत जळले तर वर्षाची ८७६ युनिटं. ऐरोलीत सर्व्हर रिकामा बसत नाही म्हणून तुम्ही 'कामामागे किती वॅट' मोजता. किन्हवलीत तो दिवसाचे बावीस तास रिकामा बसेल. इथे 'काम नसताना किती वॅट' हे मोजायला हवं, आणि तो आकडा मोठ्या अक्षरात कोणीच छापत नाही.

उत्साही : हा मुद्दा मी खिशात ठेवतो. खरंच चांगला आहे. पण मिनी पीसीवर मी अडतो. सर्व्हरच्या प्रोसेसरला चूक दुरुस्त करणारी मेमरी असते. मेमरीतला एखादा बिट उलटला तर घरच्या संगणकात गाणं खरखरतं, फार तर खिडकी बंद पडते. रेशनच्या नोंदीत तोच बिट उलटला तर कोणाचे तरी पाच किलो तांदूळ गायब होतात आणि चूक कोणाला दिसतही नाही. दुसरं म्हणजे सर्व्हरला लांबून सांभाळायची वेगळी चिप असते. ऑपरेटिंग सिस्टीम मेली तरी ऐरोलीत बसून मी त्याला परत उठवू शकतो. आणि तिसरं, एपिक ८००४ चे कोअर त्याच घराण्यातल्या मोठ्या, १२८ कोअरच्या एपिकमधल्यासारखेच आहेत. तीच आज्ञावली. ऐरोलीत तपासलेलं सॉफ्टवेअर इथे जसंच्या तसं चालेल. इंटेलच्या छोट्या कोअरचं तसं नाही. मोठ्या कोअरच्या काही रुंद आज्ञा त्यांना येतच नाहीत.

साशंक : शेवटचं पटलं. पण एसओसीत तर इंटेलने मोठेच कोअर घातलेत, तेव्हा ती तक्रार इथे लागू नाही. माझी तक्रार वेगळी आहे. इंटेलचा तो एसओसी बोर्डाला झाळलेला येतो. सॉकेट नाही. प्रोसेसर गेला की अख्खा बोर्ड गेला. एपिक ८००४ सॉकेटात बसतो, काढता येतो. दुरुस्ती करणाऱ्याला हा फरक १९२ आणि १२८ पेक्षा मोठा आहे. मात्र ४८४४ संपर्कांचा तो सॉकेट किन्हवलीत कोण उघडणार, हेही मला माहीत आहे. एक टोक वाकलं की संपलं. बहुधा मीच नाही म्हणेन. राहिली तुमची लांबून सांभाळायची चिप. तिच्यापर्यंत पोचायला तार लागते, आणि डबा आपण बसवलाय तो तार तुटते म्हणून. ज्या दिवशी त्याची गरज, त्याच दिवशी तुमचा हात तिथे पोचणार नाही.

उत्साही : मग गावात माणूस तयार करावा लागेल. तुझ्यासारखा.

साशंक : करा. पण त्याचा पगार कोष्टकात घाला. आणि उन्हाळा घाला. बहुतेक सर्व्हरना आत येणारी हवा ३५ अंशांपर्यंतची लागते. मुरबाड-बदलापूरच्या बाजूला एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखाली विचारूच नका. एपिक ८००४ उष्ण जागी तग धरण्यासाठी बनवलाय असं सांगतात, म्हणून या एका रकान्यात मी त्याला मत देतो. पण मेमरी, डिस्क आणि सप्लाय यांना तेवढं उष्णतामान सोसेल का, हे डबा बांधणाऱ्यावर आहे.

उत्साही : बरं, आता मी तुला विचारतो. समज हे सगळं जमलं. सप्लाय दणकट, बॅटरी चांगली, माणूस शिकलेला. मग डबा उपयोगाचा ठरेल की नाही?

साशंक : तरीही सांगता येत नाही, आणि इथेच माझी खरी अडचण आहे. रेशनचंच घ्या. तार तुटली, डबा चालू आहे, चूक दुरुस्त करणारी मेमरी आहे, सगळं आहे. म्हातारी आली. डब्यात गावाची यादी आहे, तिचा महिना बाकी आहे. दुकानदाराने तांदूळ द्यायचा का? डबा सांगू शकेल की द्या. पण अंगठा जुळल्याचा शिक्का देण्याचा अधिकार त्याला नाही, तो लांबच्या केंद्राला आहे. म्हणजे ६४ कोअरचा सर्व्हर नोंद साठवून ठेवणार आणि तार जोडली की पुढे पाठवणार. त्याला सहा हजारांचा डबा पुरे. पण 'आज द्या, मेळ उद्या बसवू' असं ठरवायचा अधिकार त्याला दिला, तर मग चूक चालणार नाही, बंद पडणं चालणार नाही. एकाला दुसरा डबा लागेल, नोंदी सांभाळाव्या लागतील, आणि तेव्हा तुमचा एपिक की झिऑन हा प्रश्न खरा होईल. एक्स-रेचंही तेच. एआयने 'शंका आहे' म्हटलं तर आरोग्य केंद्रातून थेट थुंकीच्या तपासणीला पाठवायचं, की तालुक्याच्या डॉक्टरने बघेपर्यंत थांबायचं? किन्हवलीत कोणता प्रोसेसर बसवायचा, हे किन्हवलीत कोणता निर्णय घेऊ देणार यावर ठरतं. ते ठरवायच्या आधी कोअर मोजून काय करू?

उत्साही : तुझा क्रम मला उलटा वाटतो. अधिकार आधी कोणी देत नाही रे. यंत्र असल्याशिवाय वरचा माणूस म्हणणारच, गावात सोय कुठे आहे? पुण्यात परम ८००० उभा राहिला तेव्हा पुढे त्यावर काय काय चालेल, हे सगळं कोणाला ठाऊक होतं? क्षमता आधी आली, मग लोकांनी तिला काम लावलं. प्रत्यूष नसता तर ६ किलोमीटरचं स्वप्न कोणी बघितलं असतं का? गावात दणकट सर्व्हर बसू दे. वर्षभर नोंदी नीट ठेवू दे, तार तुटल्यावर एकही नोंद न गमावता दाखवू दे. मग अधिकार मागायला हातात पुरावा असेल. सहा हजारांच्या डब्याने दोन नोंदी गमावल्या की वरचे म्हणतील, बघा, गावाला जमत नाही.

साशंक : आणि तोवर वर्षाला ८७६ युनिटं, बॅटरी आणि माणूस कोणाच्या पदरात? ग्रामपंचायतीच्या बिलात? पुण्याची संस्था केंद्र सरकारच्या पैशावर थांबू शकत होती. ग्रामपंचायत पथदिव्यांचं बिल थकवून बसलेली असते. गावांत बंद पडलेली यंत्रं मी रोज बघतो. त्यातली कितीतरी कामाची होती. ती पडली कारण त्यांना ठरलेलं काम नव्हतं, आणि काम नसलेल्या यंत्राची बॅटरी कोणी बदलत नाही.

उत्साही : मग चाचणी लावू. एक पावसाळा. दोन डबे शेजारी शेजारी, एक एपिक ८००४ चा, एक झिऑन एसओसीचा, आणि तुझा मिनी पीसीही ठेव तिसरा. तिघांना तेच काम. पहिल्या रकान्यात एका युनिटमध्ये किती काम झालं ते लिहू.

साशंक : पहिल्या रकान्यात मी लाईट गेलेल्या तासांत काय काम झालं ते लिहीन. तुमचा रकाना दुसरा.

उत्साही : चालेल. पण त्या तासांत यंत्राला निर्णय घ्यायची मुभा कोणाकडून आणायची? ती नसेल तर तिघांचाही रकाना सारखाच कोरा राहील, आणि तू म्हणशील मिनी पीसी जिंकला.

साशंक : मुभा तहसीलदारांकडून, आरोग्य अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यायची. निदान भोंग्याची तरी. ती जूनच्या आत मिळाली तर मी तुमच्यासोबत डबा लावायला येतो. नाही मिळाली तरी तुम्ही सर्व्हर बसवणारच का, हे मला आधी सांगा.

उत्साही : बसवेन. नोंदी ठेवायला तरी बसवेन.

साशंक : तर मग बॅटरीचं पाणी कोण भरणार, तेही त्याच कागदावर लिहा.